पुंगलीचा पूल आणि जमिनीवरचा पहिला तास

पॅराच्या, म्हणजे छत्रीनं (पॅराशूटनं) विमानातून उतरणाऱ्या सैनिकांच्या, भरतीची तयारी करणारी गावाकडची पोरं हटकून विचारतात, "काका, विमानाच्या दारात उभं राहिल्यावर भीती वाटते का?" वाटते. पहिल्या उडीला माझ्या तोंडाला कोरड पडली होती, पाचव्या उडीलाही पडली. आग्र्याच्या छत्रीउडीच्या प्रशिक्षण शाळेत पाच उड्या पुऱ्या झाल्या की छातीवर लावायचे पंख, म्हणजे छत्रीधारी सैनिकाचं चिन्ह, मिळतात. त्यातली एक रात्रीची. पण छत्रीची दोरी विमानात अडकवलेली असते, छत्री आपोआप उघडते. पाय आणि गुडघे जुळवून कसं कलंडायचं, हे शाळा तुमच्या अंगात मुरवते. तेव्हा त्या भीतीची काळजी करू नका. तयारी करायची ती जमिनीवरच्या पहिल्या तासाची.

हे मला पलटणीतल्या जुन्या माणसांनी शिकवलं. मी २ पॅरा (मराठा) मध्ये आलो तेव्हा १९७१ च्या युद्धात टांगाईलला (तेव्हाचं पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश) छत्रीनं उतरलेले हवालदार, सुभेदार अजून नोकरीत होते. ११ डिसेंबरची ती दुपार. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची पलटण उतरली ती लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायला, कारण मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तिथून जात होती. उतरताना माणसं पांगली, काही तर ठरल्या जागेपासून बरीच लांब पडली. काही सामान तळ्यांत गेलं. आसपासच्या गावांतले बंगाली लोक धावत आले, ओझी काढायला आणि वाहायला त्यांनी हात लावला. त्या माणसांची आठवण निघाली की आमच्या एका सुभेदारसाहेबांचा आवाज दरवेळी जड व्हायचा.

संध्याकाळी पूल ताब्यात आला. रात्री शत्रूच्या तुकड्या पुलावर चालून आल्या, त्या परतवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, येऊन मिळाली. परक्या मुलखात उतरून चोवीस तास काढले, आणि समोरून आपलीच मराठी बोलणारी माणसं आली! १६ डिसेंबरला २ पॅरा ढाक्यात होती.

आता तुमच्या कामाचं. उडी घेण्याआधी विमान कुठून कुठे जाणार ते डोक्यात पक्कं बसवा. खाली उतरल्यावर सगळ्यात आधी उडी मारलेल्यानं विमान गेलं त्या दिशेनं चालायचं, शेवटच्यानं उलट दिशेनं, म्हणजे मधली माणसं गोळा होत जातात. माझ्या पहिल्या रात्रीच्या सरावात मी छत्री गुंडाळायच्या घाईत दिशाच विसरलो आणि जवळपास तासभर एकटा फिरलो. लढाईत त्या तासात माझ्या सेक्शनला, म्हणजे छोट्या तुकडीला, एक रायफल कमी पडली असती. पाणी आणि काडतुसं अंगावरच ठेवा. वेगळं टाकलेलं ओझं सापडेलच असं धरून चालू नका.

पॅरात प्रत्येक जण स्वेच्छेनं येतो आणि परिविक्षेच्या, म्हणजे सुरुवातीच्या पारखण्याच्या, काळात बरेच जण परत जातात. बहुतेकांचं अडतं ते पाठीवर ओझं घेऊन लांब चालण्यात. नुसती मैदानावरची धाव पुरत नाही. आतापासून वजन घेऊन डोंगर चढा. गुडघा दुखला तर लपवू नका, डॉक्टरला दाखवा. लपवलेली दुखापत उडीत वाढते. आणि विहिरीत असो, नदीत असो, पोहायला शिका. टांगाईलला तळी होती, हे विसरू नका.