अंगाबरोबर बसणारा दुरंगी स्वेटर

आधी नमुना विणा. कंटाळा येतो, ठाऊक आहे, पण टाळू नका. नमुना म्हणजे मोजमापासाठी विणलेला छोटा तुकडा: त्याच लोकरीचा, त्याच दोन रंगांचा, साधारण 15 सेंमीचा. स्वेटर गोल सुईवर करणार असाल तर नमुनाही गोल सुईवरच विणा. धुवा, वाळवा, मग मधल्या 10 सेंमीतले टाके मोजा. माझे 24 येतात. छाती 92 सेंमी असेल तर आत शर्ट मावावा म्हणून मी 8 सेंमी सैल धरते. 100 सेंमी, म्हणजे 240 टाके. बारा टाक्यांची नक्षी त्यात बरोबर वीस वेळा बसते.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आइल विणीत एका ओळीत दोनच रंग चालवतात, मीही तेच पाळते. खरी मेख मागच्या धाग्यात आहे, म्हणजे ज्या रंगाची पाळी नसते तो पाठीमागून पुढे नेतात त्यात. भाच्याच्या पहिल्या स्वेटरला मी तो ताणून घेतला होता. बाही कोपराशीच अडली, सगळी उसवली. आता रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरते, मगच दुसरा धागा घेते. पाचाहून जास्त टाके ओलांडायचे असतील तर मध्ये एकदा धागा अडकवते. जो रंग उठून दिसायला हवा, त्याचा धागा मागे कायम खालून न्या. मध्येच बदललात तर नक्षी फिकी पडते.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, चोळणं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा, सावलीत आडवा पसरून वाळवा. हँगरला टांगू नका, खांदे ओघळतात. कसर लागू नये म्हणून धुतलेलाच स्वेटर सुती कापडात बांधून ठेवा.