मे महिन्यात गावाला जाताना

पुण्यातून दरवर्षी मे महिन्यात कोकणातल्या घरी जाणाऱ्या कुटुंबांनी नियोजनाची सुरुवात प्रवासापासून न करता तिथल्या घरापासून करावी. आपली जी सुट्टी, तोच गावच्या माणसांचा ऐन कामाचा हंगाम असतो. आंबा उतरवायचा असतो, आमसुले घालायची असतात, पावसाआधी कौले परतून घ्यायची आणि सरपण आत भरायचे असते. अशा वेळी आठ-दहा माणसे एकदम राहायला आली की सगळा भार काकू आणि वहिनींवर पडतो. म्हणून तारखा पक्क्या करण्यापूर्वी काकांना फोन करावा आणि इतर चुलत भावंडे कधी येणार आहेत, तेही विचारून घ्यावे. सर्वांनी एकत्र राहण्याचे दोन-तीन दिवस ठरवून बाकीचा मुक्काम पुढेमागे ठेवला, तर भेटीही होतात आणि पाण्याची ओढाताणही होत नाही. मे महिन्यात पुष्कळ विहिरी तळाला गेलेल्या असतात, हे पुण्याच्या नळाची सवय असलेल्या मुलांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, आणि पुण्याच्या बहुतेक प्रवाशांना कोकण रेल्वेची गाडी पनवेलला जाऊन धरावी लागते. त्यापेक्षा स्वारगेटहून एसटी सोयीची ठरते. महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे आजी-आजोबांचे आधारकार्ड हाताशी ठेवावे. स्वतःच्या गाडीने माणगाव-महाडकडे जाणाऱ्यांना ताम्हिणी, चिपळूणकडे जाणाऱ्यांना कुंभार्ली आणि सावंतवाडीकडे जाणाऱ्यांना आंबोली घाट जवळचा. घाट लागण्यापूर्वी मुलांना पोटभर खायला घालू नये. आलेपाक किंवा आवळासुपारी जवळ असावी.

काय आणू, असे विचारल्यावर काकू ‘काही नको’ असेच म्हणतील, यात शंका नाही. त्यामुळे हा प्रश्न वहिनींना किंवा घरातल्या मोठ्या मुलीला स्वतंत्रपणे विचारावा. तालुक्याला न मिळणारे औषध, चष्म्याची मोडलेली काडी, मिक्सरचे भांडे अशा खऱ्या गरजा त्यातून कळतात. मुक्कामाच्या खर्चासाठी हातात पैसे ठेवले, तर वडीलधाऱ्यांना ते लागते. त्याऐवजी तालुक्याच्या बाजारात उतरून तेल, साखर, चहापूड, पोहे आणि डाळी भरून घ्याव्यात आणि सामान थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवावे.

मुक्कामात कामाची वाटणी पहिल्याच संध्याकाळी करावी, आणि त्यात पुरुषांनी स्वतःहून पाणी शेंदणे, नारळ सोलणे, जेवणानंतरची भांडी घासणे ही कामे मागून घ्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुलांना आमसुलांच्या कामाला बसवावे. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून बिया आणि गर वेगळा काढायचा, साली उन्हात वाळवायच्या, त्याच फळांच्या रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, आणि साल काळपट, लवचीक होईपर्यंत ही पुटे रोज देत राहायची. बोटे जांभळी-लाल होतात आणि डाग कपड्यांवरून सहज निघत नाहीत, म्हणून जुने कपडे घालावेत. हे काम चालू असताना आजी ज्या गोष्टी सांगते, त्या मुद्दाम विचारून सांगितल्या जात नाहीत. कोणत्या वर्षी कोण कुठे गेले, कोणते कलम कोणी लावले, हे तेव्हाच कळते. वडिलांच्या वयाच्या नातेवाइकांकडे मात्र सकाळी उन्हे चढण्यापूर्वी जावे आणि जेवायला थांबणार नसल्याचे आदल्या दिवशीच कळवावे.

परतीची तारीख मेअखेरच्या गर्दीत आणि मृगाच्या तोंडावर ठेवू नये. आंबे पूर्ण पिकलेले न घेता अढीत घालण्याजोगे घ्यावेत, पेटीत पेंढा भरावा आणि पेटी गाडीच्या तापलेल्या डिकीत न ठेवता माणसांजवळ, सावलीत ठेवावी. पुण्यात पोहोचल्यावर आंबे लगेच पेंढ्यावर एका थरात पसरावेत आणि रोज हाताने चाचपून तयार झालेले वेगळे काढावेत.