पाणलोटाचा डेटा चौघांनी मिळून कसा जुळवायचा

एकाच पाणलोटावर भूगर्भवाले, शेतीवाले, सॅटेलाइटवाले आणि गावात फिरणारे असे सगळे मिळून काम करणार आहेत आणि सगळ्यांचा डेटा एकत्र करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, तर हे वाचा. मी कोड लिहिणारा माणूस. मराठवाड्यातल्या एका प्रोजेक्टवर दोन वर्षं होतो, त्यातलं पहिलं जवळपास वाया गेलं, ते का गेलं हे सांगतो म्हणजे तुमचं तरी वाचेल.

पायथन-बियथन नंतर. आधी सगळ्यांना एका गाडीत घाला आणि एका विहिरीवर जा, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना, मॉडेलवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरवर पाण्याचा हिशोब मांडणाऱ्याला पण. आम्ही मोजायला घेतलेल्या एका विहिरीची पातळी एका वर्षी जवळपास मीटरभर खाली गेलेली आणि पुढे कायम तेवढीच खाली, पाऊस मात्र बरा झालेला. मी म्हटलं आउटलायर आहे, म्हणजे बाकीच्यांशी न जुळणारा आकडा, काढून टाकू. भूगर्भवाले सर म्हणाले शेजारी कुणीतरी बोअर मारली असणार. शेतीवाल्या मॅडम म्हणाल्या, ऊस वाढला असेल. तिघांचंही पटण्यासारखं, त्यामुळे आठवडाभर मेलवर मेल. शेवटी गेलो तर विहिरीचे मालक आबा म्हणाले, "अहो कठडा वाढवला ना आपण, शेरडू पडलं होतं आत." टेप कठड्यावरून सोडत होते आणि आमच्या एक्सेलमध्ये कठड्याच्या उंचीचा कॉलमच नव्हता! तेव्हापासून माझा नियम, विहिरीच्या प्रत्येक नोंदीबरोबर टेप कुठून सोडला ते आणि त्या जागेची जमिनीपासून उंची. आणि पातळी "जमिनीपासून खाली" असते, आकडा वाढला म्हणजे पाणी उतरलं, हे ग्राफ काढणाऱ्याला दहा वेळा सांगा, उलटे ग्राफ मी स्वतः प्रेझेंटेशनला लावलेत.

दुसरं काम एककांचं, आणि इथं लाज सोडून बेसिक प्रश्न विचारायचे. इंजिनिअर लोक बंधाऱ्याचा साठा टीसीएममध्ये बोलतात म्हणजे हजार घनमीटर, धरणवाले दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर नायतर टीएमसीत म्हणजे अब्ज घनफूट, शेतीवाले मिलिमीटरमध्ये आणि शेतकरी "मोटर किती तास चालते" यात. टीसीएम आणि टीएमसी दिसायला सख्खे भाऊ, पण 1 टीएमसी म्हणजे 28 हजार टीसीएमच्याही वर, एक अक्षर मागंपुढं झालं की गावच्या नाल्यात अख्खं धरण बसतं. आम्ही शेवटी सगळं मिलिमीटरवर आणलं. 1 हेक्टरवर 1 मिमी म्हणजे 10 घनमीटर, दहा हजार लिटर, एवढं एक भिंतीवर लिहून ठेवलं की बरीच भांडणं आपोआप मिटतात.

सगळी नाही मिटत. पावसाळ्यानंतर विहिरी सरासरी 3 मीटर वर आल्या असं सर म्हणाले तेव्हा मॅडमना वाटलं आता रब्बीला पाणीच पाणी. पण आपल्याकडं राज्याच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास भागाखाली बेसॉल्ट, त्यात पाणी राहतं ते फटीत आणि मुरमात, स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून खरंच हाती लागणारं पाणी, 1 ते 3 टक्के. 2 धरा. 3 मीटरचे झाले 60 मिलिमीटर. गव्हाला हंगामात 400 मिमीच्या वर लागतं, म्हणजे नुसत्या विहिरीच्या पाण्यावर धरलं तर सहा-सात एकरात फार तर एक एकर गहू. हे गणित सरांच्या डोक्यात वीस वर्षं होतं, त्यांना सांगावंसं वाटलं नाही कारण त्यांच्या लेखी ते उघड होतं, आणि मॅडमनी विचारलं नाही कारण 3 मीटर म्हणजे 3 मीटर, त्यात काय विचारायचं? म्हणून एक शीट करा, कॉमन. डाव्या बाजूला शब्द (पुनर्भरण, पाणी, सिंचन, वर्ष) आणि पुढं प्रत्येकानं आपल्या भाषेत त्याचा अर्थ लिहायचा. "वर्ष" या एका शब्दावर आमचे दोन तास गेले. जलवर्ष 1 जून ते 31 मे, आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, सॅटेलाइटवाला जानेवारी ते डिसेंबर, आणि गावात पाऊस विचारला तर मृग, आर्द्रा, हस्त. मी नक्षत्राचा कॉलमच टाकला. हसू नका, "हस्त चांगला झाला होता" असं आजी सांगते तेव्हा ते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे पहिले आठ-दहा दिवस असतात, ऑक्टोबरच्या विहीर नोंदीशी थेट जुळवता येतं.

तारखांचं अजून एक. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चारदा होतात, त्यात मार्च पण आहे आणि मे पण, आता एक्सेलनं 03/05 चं काय केलं असेल ते तुम्हीच बघा. दोन्ही महिने खरे वाटतात त्यामुळे चूक सापडतच नाही, महिना अक्षरात लिहा. आणि हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, तो बहुतेक आदल्या दिवशीचा, सॅटेलाइटचा दिवस ग्रिनिच वेळेवर, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवले की पाऊस एक दिवस सरकलेला दिसतो, मग लोक म्हणतात सॅटेलाइट चुकतंय.

गावांची नावं: नावावरून टेबल जोडू नका, कधीच नाही. वडगाव किती आहेत माहितीये का? त्यात बुद्रुक, खुर्द, इंग्रजीत बीके, केएच, कुणी व्ही लिहितं कुणी डब्ल्यू. जनगणनेचा कोड वापरा, तो पण कुठल्या सालच्या जनगणनेचा ते बघून.

आता मोठ्या डेटाविषयी, कारण सगळे त्यालाच भुलतात. 1901 पासूनचा हवामान खात्याचा ग्रिडमधला, म्हणजे नकाशावर चौकोन पाडून दिलेला पाऊस फुकट मिळतो म्हणून मी पण खूश होतो, पण त्याचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे एकेक बाजू 26-28 किलोमीटर, आणि आपला पाणलोट हजारभर हेक्टर, चौकोनाच्या कोपऱ्यात ठिपका. गावात कोरडं आणि शेजारी ढगफुटी हे त्याला कळत नाही, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा आणि गावातला एक साधा मापक हवाच. ग्रेस उपग्रहाचा (हा गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून पाणी मोजतो) भूजलाचा डेटा तर गावासाठी काढूच नका, तो शेकडो किलोमीटरच्या गोष्टी सांगतो. 30 मीटरच्या उंचीच्या नकाशावर ओढे, माथा नीट निघतात, पण समतल चर, उतारावर पाणी अडवायला खणतात तो, असतो हात-दीड हात रुंद, तो त्यात दिसणार कसा? सेंटिनल-2 या उपग्रहाच्या फोटोचे पिक्सेल 10 मीटरचे, 30 बाय 30 चं शेततळं म्हणजे नऊ पिक्सेल, त्यातले कडेचे अर्धे माती अर्धे पाणी. आणि पावसाळ्यात ढग, म्हणून खरिपाला सेंटिनल-1 चं रडार घ्या, त्याला ढगातून दिसतं, रब्बीला सेंटिनल-2 झकास चालतं.

सगळ्यात अवघड जोडणी हद्दीची. पिकं गावनिहाय, पाऊस मंडळनिहाय, विहिरी पाणलोटाच्या कोडवर, आणि गाव एक असून दोन-तीन पाणलोटांत. सोपं म्हणून सगळे क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटतात, मी पण वाटलं, आणि माथ्यावरच्या मुरमाड पडीकावर गहू उगवला! त्यापेक्षा रब्बीच्या इमेजवर हिरवं कुठं आहे ते बघून त्या प्रमाणात बागायत वाटा, आणि मग गावातल्या एखाद्या जाणत्याला दाखवा.

गावात फिरणारी जी व्यक्ती टीममध्ये आहे तिला शेवटी बोलवायची पद्धत आहे, ती मोडा. कायद्यानं 60 मीटरच्या खाली बोअर घ्यायला बंधन, त्यामुळे कुणी खोली खरी सांगत नाही, कागदावर बोअरच कमी असतात आणि मॉडेलमध्ये पाणी उरतं. आमच्या ताईंनी हे पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं, आम्ही "नोटेड" म्हणून पुढं गेलो, आठ महिन्यांनी मॉडेल जुळेना तेव्हा आठवलं. मग त्यांनी मोटर, वीजकपात, टँकर कधी सुरू होतो यावरून उपसा काढून दिला. पण एका अटीवर, कुठल्याच नकाशावर कुणाच्या बोअरचा ठिपका येणार नाही, सगळं पाणलोटाच्या बेरजेत. ही अट आधीच लिहून घ्या, रिसर्च पेपरवर कुणाची नावं कुठल्या क्रमानं ते पण, नंतर चेहरे बदलतात.

अंतिम आकडे गावाला दाखवताना लॅपटॉप नेऊ नका, चार्ट पेपर न्या, मराठीत. आमच्या चार्टवर आबांनी पाच मिनिटांत बोट ठेवलं, "हा नाला तुम्ही ह्या बाजूला दाखवलाय, तो त्या पुलापासून वळतो." घरी येऊन बघितलं, वळत होता.