रिमोटवर चालणारं गलबत घरी कसं करायचं, तांडेल-खलाशांसकट

पहिल्यांदा करताय ना, मग तीन डोलकाठ्यांचं मोठं लढाऊ जहाज डोक्यातून काढून टाका. मलाही ट्रिंकोमालीच करायचं होतं, १८१७ साली आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं, सागवानी, अजून इंग्लंडमधे तरंगतंय. पण त्याची आडवी शिडं फिरवायला दोऱ्यांचं जे जंजाळ लागतं त्यात माणूस वेडा होतो. त्यापेक्षा दोन काठ्यांचं मराठी गलबत घ्या, तिरकी शिडं, दोऱ्या कमी, आणि दिसतंही झकास.

स्केल १:२४ धरा. ६० फुटी गलबत मग साधारण ७६ सेंटीमीटरचं होतं, रुंदी २० सेंटीमीटर, आणि साडेपाच फुटी माणूस ७ सेंटीमीटरचा, म्हणजे चेहरा-मुंडासं नीट करता येईल एवढा.

आता ते गणित, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. २४ पट लहान केलं की शिडाचं क्षेत्रफळ ५७६ पट कमी होतं आणि वजन १३,८२४ पट, पण वारा काय लहान होत नाही, तो तेवढाच. म्हणून मॉडेल खऱ्या गलबतापेक्षा २४ पट सहज कलंडतं. मॉडेलला १५ किलोमीटरचा वारा म्हणजे खऱ्या गलबताला ७५ चं वादळ. माझं पहिलं गलबत ह्याच गणिताने बुडालं, ठाण्याकडच्या एका तलावात, सोडल्यापासून चार मिनिटात. शिसं सगळं पोटात भरलं होतं आणि वर चौदा भरीव माणसं. एक झुळूक आली, आडवं झालं, झाकणातून पाणी शिरलं, सर्वो (रिमोटच्या सिग्नलवर सुकाणू-शिडं फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) गेले, आणि माझा तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, कायमचा तळाशी गेला.

तर सांगाडा. ४ मिमी मरीन प्लायचा तळाचा कणा आणि त्यावर आठ-आठ सेंटीमीटरवर आडवे नऊ पडदे, कागदावर खऱ्या मापात काढून चिकटवायचे आणि कापायचे. नंतर फळ्या. ओळखीच्या सुताराकडून सागवानाच्या उरलेल्या तुकड्यांच्या २ मिमी जाड, ६ मिमी रुंद पट्ट्या काढून घ्या. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वळवायच्या पट्ट्या अर्धा तास गरम पाण्यात ठेवा, ओल्या असतानाच कपड्यांच्या चिमट्यांनी आवळा आणि रात्रभर सुकू द्या, चिकटवणं दुसऱ्या दिवशी. एक डावीकडे लावली की लगेच एक उजवीकडे, एका बाजूच्या सगळ्या आधी लावल्या तर सांगाडा केळ्यासारखा वाकतो. बाहेरून पॉलिश पेपर मारून पातळ फायबर क्लॉथ आणि इपॉक्सी रेझिन, आतूनही रेझिनचा हात. हे काम पावसाळ्यात करू नका. जुलैच्या दमट हवेत रेझिनवर पांढरट चिकट थर येतो आणि मग सगळं घासत बसा. वासावरून घरात जे ऐकावं लागतं ते वेगळं, मी शेवटी चाळीच्या गॅलरीत गेलो.

शिसं खाली हवं. गलबताच्या पोटाखाली सरळ खाली जाणारी १६-१७ सेंटीमीटर लांब अॅल्युमिनियमची पट्टी, दोन स्क्रूंनी काढता-घालता येईल अशी, आणि तिच्या टोकाला दोन किलो शिसं. ससून डॉकच्या आसपास जाळ्यांचं सामान मिळतं तिथे शिशाच्या बारीक गोळ्या घ्या, घरी शिसं वितळवू नका, धूर विषारी असतो. ४० मिमी पीव्हीसी पाइपाचा साधारण ३० सेंटीमीटर तुकडा घ्या, गोळ्या भरा, इपॉक्सी ओता, दोन्ही तोंडं गोल करा आणि तो पट्टीच्या टोकाला आडवा बसवा, झालं. पाण्यात काही दिसत नाही. घरी शोकेसमध्ये ठेवताना पट्टी काढून टाकायची.

टेस्टिंगला तलाव नको. जुना टीपॉय गच्चीवर उलटा ठेवा, चारी पायांना खाली-वर दोरीचे दोन-तीन वेढे द्या, आतून ताडपत्री टाका, पाणी भरा, टाकी तयार. (गच्चीवरच्या पिण्याच्या टाकीत सोडलंत तर सोसायटी काय करेल ते मी सांगायला नको.) सगळं सामान धरून वजन साडेचार-पावणेपाच किलोच्या आत बसलं पाहिजे. मग काठीचं टोक बोटाने पाण्यापर्यंत दाबायचं आणि सोडायचं. ताठ उभं राहिलं तर ठीक, रेंगाळलं तर वरचं वजन कमी करा.

रेडिओचं सामान लॅमिंग्टन रोडला बघा. दोन चॅनल पुरतात, एक सुकाणूला, एक दोन्ही शिडांना मिळून. शिडाचा सर्वो मेटल गिअरचा आणि ताकदवान घ्या, त्याला ८ सेंटीमीटरचा दांडा लावा आणि शिडाची दोरी दांड्याच्या टोकाच्या कडीतून उलटी फिरवून घ्या, म्हणजे दांडा जेवढा फिरेल त्याच्या दुप्पट दोरी सुटते. २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, डेकला चिकटून ठेवा. स्केलप्रमाणे केलेलं सुकाणू मॉडेलला पुरत नाही, त्याला खाली पारदर्शक अॅक्रेलिकचा तुकडा जोडा, लांबून कळतही नाही.

शिडाला मंगळदास मार्केटमधलं पातळ टेरिकॉट. सुती कापड खरं दिसतं पण भिजलं की जड होतं आणि वजन नेमकं सगळ्यात वर. टेरिकॉट चहाच्या पाण्यात दोनदा उकळा, पॉलिस्टर पटकन रंग घेत नाही. डोलकाठी पुढे झुकलेली ठेवा, आपल्याकडची तशीच असते. खऱ्या गलबतावर दिशा बदलताना शिडाची तिरकी काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचे, मॉडेलमधे तो खटाटोप करू नका, एकाच बाजूला राहू द्या. एका बाजूने जाताना शीड डोलकाठीवर थोडं दाबलं जातं, वेग जरा पडतो, चालतं.

आता माणसं, ज्यासाठी मी हा सगळा उद्योग करतो. वल्हेकरी भरभरून बसवायचा मोह होतो, कारण मोठ्या गलबतांवर ४०-५० वल्ही असायची, आणि १६७९ ला खांदेरी बेटाच्या लढाईत वारा पडला की इंग्रजांची जहाजं जागच्या जागी आणि आपली गलबतं वल्ह्यांवर निघून जायची. पण शिडं फुगलेली असताना वल्ही कोण मारतंय? शिवाय पाण्यात लोंबणारी वल्ही म्हणजे चालत्या मॉडेलला ब्रेक. वल्ही आत घेऊन रचा आणि वल्हेकऱ्यांना निवांत बसवा, एक पाण्याकडे बघतोय, एक पेंगतोय. बाकावर बसलेल्यांना आडोशामागचे पाय करायचे नाहीत, तेवढंच वजन वाचतं. मी अकरा माणसं केली, बास झाली.

लोहार चाळीतून तांब्याची वायर आणा, तिचा सांगाडा, धडात अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा आणि वरून एम-सील. भरीव माणूस आठ-दहा ग्रॅमचा होतो, असा केला की निम्मा. एम-सील पटकन घट्ट होतं, म्हणून एका वेळी एकच माणूस, आणि बोट ओलं ठेवा. धोतर आणि मुंडासं टिश्यू पेपरचं, पातळ फेव्हिकॉलमधे बुडवून गुंडाळायचं, घड्या आपोआप पडतात, आणि सुकलं की रंग आणि वरून वॉर्निशचे दोन हात, नाहीतर पहिल्याच शिडकाव्यात धोतर सुटतं. डोळे रंगवू नका, एवढ्याशा चेहऱ्यावर बुबुळं काढली की सगळे दचकल्यासारखे दिसतात. भुवईखाली नुसती तपकिरी सावली द्या. उभ्या माणसाचे गुडघे जरा वाकवा आणि हातात कुठली तरी दोरी द्या. ताठ उभा केला तर गलबत कललं की तो फोटो काढायला उभा राहिल्यासारखा वाटतो.

तांडेल सगळ्यात शेवटी करा, त्याला वेळ द्या. त्याचे पाय डेकला पिनने पक्के, कमरेत आणखी एक उभी पिन, म्हणजे वरचं धड फिरतं, आणि हाताचे पंजे सुकाणूच्या दांड्याला बारीक वायरच्या कडीने सैल अडकवलेले. सर्वो फिरला की दांडा फिरतो आणि दांड्याबरोबर तांडेल. कडी घट्ट केली तर सुकाणू अडकतं, पाव मिलिमीटर ढिली हवी, मला तीनदा परत करावी लागली. लांबून बघणाऱ्याला वाटतं गलबत तोच वळवतोय.

सोडायला सकाळी जा, दुपारी समुद्राकडचा वारा चढतो. पवईला जाताना लक्षात असू द्या की तिथे मगरी आहेत, गलबत अडकलं तर आत उतरायचं नाही, आणि जलपर्णी खालच्या पट्टीत हमखास गुंतते. कुठलाही तलाव असो, परवानगी विचारून घ्या आणि मासे धरायचा गळ नि दोरी बरोबर ठेवा. खाऱ्या पाण्यात सोडू नका, सर्वो गंजतात. घरी आल्यावर झाकण उघडं ठेवून पंख्याखाली रात्रभर. आणि माणसं डेकला चिकटवू नका, प्रत्येकाच्या बुडाला पिन ठेवा, काढता येतात. माझे अकराही जण स्टीलच्या डब्यात कापूस घालून ट्रेनने जातात, तांडेल तेवढा वरच्या कप्प्यात एकटा.