कॅम्पहून आल्यावरचा जोश वर्षभर टिकवायचा कसा?

युथ कॅम्पहून किंवा उपवास-प्रार्थनेवरून आलं की चर्चच्या मंडळीतले तरुण एकदम सगळंच अंगावर घेतात, संडे स्कूल पण, क्वायर पण, दवाखान्यातल्या भेटी पण, आणि पावसाळा संपेस्तोवर एकही धड चालू राहत नाही. म्हणून एकच काम घ्या आणि त्याला वार ठरवून टाका. "जमेल तसं करीन" म्हटलं की ते जमतच नाही.

समजा आजाऱ्यांना भेटायचं ठरवलं, दर शनिवारी. एकटे जाऊ नका, प्रभू येशूने पण शिष्यांना दोघं-दोघं करूनच पाठवलं होतं. आधी फोन करा, पेशंटच्या खाटेवर बसू नका. गेल्या गेल्या बायबल उघडायची घाई नको, आजी तीच गोष्ट परत परत सांगत असल्या तरी ऐका, मग विचारा, प्रार्थना करू का? हो म्हटल्या तर बायबलमधलं २३ वं स्तोत्र हळू आवाजात वाचा आणि प्रार्थना थोडक्यात आटपा, कारण शेजारच्या खाटेवर पण कुणीतरी दुखण्यात आहे. "विश्वास ठेवा, औषधं सोडा" असलं तर चुकूनही बोलायचं नाही. निघण्याआधी सोबत बसलेल्या सुनेला म्हणा, तू जेवून ये, आम्ही थांबतो तासभर. माझ्या मते खरी सेवा इथेच होते आणि हीच कुणाला सुचत नाही. आणि प्लीज, फोटो ग्रुपवर टाकू नका, लोकांनी बघावं म्हणून धर्मकृत्यं करू नका, हे बायबलमध्ये मत्तय ६ मध्ये वाचलंय ना आपण!

सेवेच्या धावपळीत सगळ्यात आधी सुटतं ते स्वतःचं मनन, म्हणजे रोजचं बायबल वाचणं आणि प्रार्थना. मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) पहिला अध्याय बघा, कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दारात जमलं, प्रभूने पुष्कळांना बरं केलं, तरी पहाटे अंधारातच उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला, आणि शिष्य शिमोन शोधत आला, "सगळे तुला शोधतायत", तेव्हा तो म्हणाला आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. म्हणजे प्रत्येक हाकेला हो म्हणायलाच पाहिजे असं नाही. रोज पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, एकच शुभवर्तमान सलग वाचा, इकडून तिकडून वचनं उचलू नका.

पंडिता रमाबाईंचं बघा, १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली, विधवा पुण्याजवळच्या केडगावला आणल्या, पुढे त्या सगळ्यांचं बघत बघतच हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर कित्येक वर्षं करत राहिल्या, १९२२ मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत. त्यातले सगळेच दिवस काही उत्साहाचे नसणार. आपलेही नसतात, प्रार्थनेत काही वाटत नाही तेव्हा पण ठरलेल्या वारी जा, आणि सोबतच्याला खरं सांगा की सध्या मन कोरडं पडलंय, आज तुमच्याऐवजी तो प्रार्थना करेल.

नोकरी बदलली, परीक्षा आली आणि थांबावं लागलं तर नुसतं गायब होऊ नका. पाळकांना (पास्टरना) महिनाभर आधी सांगा, आणि नवीन येणाऱ्याला स्वतः घेऊन जाऊन आजींची ओळख करून द्या, त्यांना कोणत्या कानाने ऐकू येतं तेही सांगा.