रोशा तेल काढण्याची खानदेशी रीत
अत्तर म्हटले की आपल्याला कनोज आठवते. परंतु पिंपळनेर, नंदुरबार आणि अक्राणीच्या डोंगरउतारांवरील रोशा गवताचे, म्हणजेच तिखाडीचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जात असे आणि तेथे ते गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. या गवताच्या तेलात मुख्यत्वे असणारा जिरॅनिऑल हा घटक गुलाबातही असल्यामुळे ही भेसळ सहज खपत असे. युरोपातील व्यापारी तर त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणू लागले. माल आपल्या डोंगरातला आणि नाव तुर्कांचे!

तेलासाठी ‘मोतिया’ जातीचे गवत निवडावे, कारण ‘सोफिया’चा वास उग्र असतो. पाऊस ओसरताना, गवत फुलोऱ्यावर आले की ते कापावे आणि एक दिवस सावलीत सुकू द्यावे.

जुन्या भट्टीत लोखंडी हंडा, त्याच्या झाकणातून निघणारी, सुतळी गुंडाळलेली पोकळ बांबूची नळी आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात बुडवलेले तांब्याचे भांडे एवढाच सरंजाम असे; म्हणूनच भट्ट्या ओढ्याकाठी लागत. आज ओढ्याचे काम पाण्याचे पिंप करते, मात्र त्यातील पाणी कोमट होताच बदलावे, अन्यथा वाफ थंड न होता तेलासह उडून जाते. हंड्यात पाण्याच्या वर जाळी ठेवून तिच्यावर गवत दाबून भरावे, म्हणजे ते तळाला लागून करपत नाही. करपट वास एकदा तेलात उतरला की निघत नाही. झाकणाचा सांधा कणकेने लिंपावा, पण नळीचे टोक कधीही बंद करू नये, कारण वाफेला वाट न मिळाल्यास हंडा फुटू शकतो.

दोन-तीन तास बेताची आच ठेवावी. भांड्यात पाण्यावर तरंगणारे तेल अलगद काढून घ्यावे आणि खालचे सुवासिक पाणी पुढच्या घाण्यात वापरावे. शंभर किलो गवतातून अर्धा किलोच्या आसपास तेल मिळते, त्यामुळे पहिल्या घाण्याला निराश होऊ नये.

तेल विकत घेतले असल्यास त्याचा एक थेंब टिपकागदावर टाकून पाहावा. दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग राहिला, तर त्यात शेंगदाणा तेलासारखे खाद्यतेल मिसळलेले असण्याचा संभव असतो.

अत्तर करायचे असल्यास हे तेल चंदनतेलात मिसळावे. कोलोनची रीत निराळी आहे: जर्मनीतील कोलोन शहरात, जेथे १७०९ मध्ये फारिना घराण्याची पेढी सुरू झाली, योहान मारिया फारिनाने लिंबूवर्गीय तेले मद्यार्कात विरघळवली आणि त्या पाण्याला शहराचेच नाव पडले. दोन्ही प्रकार गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावेत.