गेममध्ये ब्रेक खरा लागावा म्हणून: आधी पेडल, मग पाय, सेटअप सगळ्यात शेवटी

कार रेसिंगच्या गेममध्ये स्टिअरिंग-पेडलवर खेळताना गाडी वळणावर ऐकत नाही म्हटलं की बहुतेक जण कुणाचा तरी सेटअप (गाडीच्या सेटिंग्जचा तयार संच) डाउनलोड करतात. समोरची स्प्रिंग नरम करतात, मागचा अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) कडक करतात. दोन दिवस बरं वाटतं, मग गाडी पुन्हा बाहेर ओढायला लागते. बहुतेक वेळा दोष गाडीत नसतो, ब्रेक सोडणाऱ्या पायात असतो, आणि तो कोणत्याही स्प्रिंगने भरून निघत नाही. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. पेडल जागेवर पक्कं बसवा

गुळगुळीत टाइल्सवर पेडल सरकतं आणि चाकांची खुर्ची मागे पळते. पेडल १८ मिलिमीटर प्लायच्या फळीवर स्क्रूने बसवा, फळी भिंतीला टेकवा आणि खुर्चीचा पाय पट्ट्याने फळीला बांधा. प्लाय, स्क्रू, पट्टा सगळं नागपूरच्या इतवारीत मिळतं. एवढं झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

२. एबीएस: चालू की बंद?

एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. ‘खरेपणा हवा असेल तर एबीएस बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. फॉर्म्युला वनमध्ये एबीएसवर १९९४ पासून बंदी आहे, तिथे बंदच ठेवा. जीटी३ गाड्यांना (रोड कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांना) मात्र प्रत्यक्षातही एबीएस असतं, त्यामुळे तिथे ते बंद करणं हाच खोटेपणा होतो. शिकण्यासाठी कमी ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी, रोड टायरची गाडी घ्या आणि तिच्यावर एबीएस बंद ठेवा. ग्रान टुरिस्मो ७ या गेममध्ये एकदम बंद करणं जड जात असेल तर आधी ‘वीक’वर आठवडाभर चालवा.

३. पेडलची ताकद जुळवा

खऱ्या गाडीत पॅड डिस्कला टेकले की पेडल फारसं खाली जात नाही, फक्त दाब वाढतो. पाय लक्षात ठेवतो तो हा दाब. पेडल किती खाली गेलं हे पायाला नेमकं कळत नाही. लोडसेलचं पेडल दाब मोजतं. स्वस्त पेडलमधलं पोटेन्शिओमीटर फक्त जागा मोजतं, म्हणून त्याला दाबासारखं वागायला लावावं लागतं.

लॉजिटेक जी२९ च्या ब्रेकमध्ये स्प्रिंगच्या आत रबराचा ठोकळा असतो. पूर्ण १०० टक्के ब्रेक लागत नाही म्हणून अनेक जण तो काढून टाकायला सांगतात. काढू नका. त्या पेडलमध्ये दाबाची जाणीव देणारी मुख्य वस्तू तीच आहे. ती काढली की पेडल ॲक्सिलरेटरसारखं मऊ होतं आणि प्रत्येक वळणावर ब्रेक वेगळा लागतो. त्याऐवजी गेममधली हद्द बदला. कॅलिब्रेशन करताना अंगाचा सगळा भार टाकू नका. शर्यतीत २० मिनिटं टिकेल इतकाच जोर लावा आणि तिथे १०० टक्के धरा. डेडझोन (पेडल हललं तरी गेम दुर्लक्ष करतो तो भाग) शून्य ठेवा. गामाची (पेडल दाबल्यावर ब्रेक कसा चढतो ते ठरवणारी) सेटिंग असेल तर लोडसेलला १, म्हणजे सरळ रेषा. पोटेन्शिओमीटरला १ पेक्षा जास्त ठेवा, म्हणजे सुरुवातीचा अर्धा दाब सौम्य लागेल.

आता परीक्षा. स्क्रीनवर पेडलचा आकडा लावा, डोळे मिटा, मनात ५० टक्के धरून ब्रेक दाबा, पाच सेकंद धरा, डोळे उघडा. मग २०, ४०, ८०. पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत ट्रॅकवर जाऊ नका.

४. ब्रेक सोडणं

इथेच सगळ्यांचं अडतं, आणि इथेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

दाबण्याचा भाग सोपा आहे. पकड तीच राहिली तर २०० वरून १०० किलोमीटरवर यायला जे अंतर लागतं, ते १०० वरून थांबायला लागणाऱ्या अंतराच्या तिप्पट असतं, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) मंदनाला हे अंतर अनुक्रमे सुमारे ११८ आणि ३९ मीटर येतं. म्हणून उशिरा ब्रेक मारून वाचलेली जागा शेवटच्या टप्प्यात भरून काढता येत नाही. विंग (हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारा पंख) असलेल्या गाडीत वेग जास्त असताना पकडही जास्त असते, तेव्हा पहिला दाब सर्वांत जोरात आणि वेग उतरेल तसा कमी. साध्या रोड कारला आधी क्षणभर दाब चढू द्या, भार पुढच्या चाकांवर आला की मग जोर लावा. धपकन दाबलं तर भार येण्याआधीच पुढचं चाक लॉक होतं.

आता सोडणं. टायरकडे पकडीचा एकच हिशेब असतो. ब्रेकला ८० टक्के वापरली तर वळायला सुमारे ६० टक्के उरते. पूर्ण ब्रेक लावून स्टिअरिंग फिरवलं तर गाडी सरळ जाणारच. म्हणून स्टिअरिंग जेवढं आत जाईल तेवढा ब्रेक बाहेर यायला हवा, आणि वळणाच्या आतल्या टोकाशी तो शून्यावर पोचायला हवा.

नेहमीची चूक अशी: ब्रेक ८० वरून ३० वर नीट येतो आणि ३० वरून एकदम शून्य होतो. त्या क्षणी नाक वर उठतं, पुढच्या टायरवरचा भार जातो आणि गाडी बाहेर ओढते. माणूस म्हणतो, ‘अंडरस्टिअर आहे (गाडी पुरेशी वळत नाही), स्प्रिंग बदलतो.’ स्प्रिंग बदलू नका. टेलिमेट्रीत (फेरीतल्या पेडल, वेग वगैरेच्या आलेखात) ब्रेकची रेघ बघा: ती घसरगुंडीसारखी उतरली पाहिजे, शेवटी भिंतीवरून उडी मारल्यासारखी पडता कामा नये. मोन्झा ट्रॅकच्या पहिल्या चिकेनपेक्षा (लागोपाठची उलटसुलट वळणं) लांब हेअरपिन (जवळपास उलट फिरवणारं वळण) हे शिकायला चांगलं. चिकेनमध्ये बहुतेक ब्रेक सरळ रेषेतच संपतो, चूक दिसत नाही. टाचेऐवजी घोट्यावरून पाय उचलायची सवय लावा. सुरुवातीला ब्रेक पॉइंट दहा मीटर आधी घ्या आणि वेळेकडे बघू नका. १५ लिटर इंधन घालून दहा फेऱ्या, फक्त त्या एका वळणावर लक्ष ठेवून.

५. ब्रेक बायस

बायस म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जातो ते. सरळ रस्त्यावर १५० चा वेग घ्या, जोरात ब्रेक मारा. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरते, मागची झाली तर गिरकी घेते. पुढची थोडी आधी लॉक होणं सुरक्षित. तिथून बायस अर्धा टक्का मागे घेत जा. पण हीच चाचणी क्लच दाबूनही करा. क्लच दाबल्यावर गिरकी थांबली तर दोष बायसचा नाही, तुम्ही गिअर घाईने खाली टाकता आहात आणि इंजिन मागची चाकं धरून ठेवतंय.

६. टायरचा दाब

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी पंपावर बरोबर भरलेली हवा दुपारी जास्त होते. गेममध्येही तसंच आहे. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेममध्ये जीटी३ चा कोरडा टायर तापल्यावर साधारण २६ ते २७ पीएसआयमध्ये हवा. थंड आकड्यावर विश्वास ठेवू नका, तीन-चार फेऱ्यांनंतर पिटमध्ये बघा आणि जादा आलेला दाब थंड आकड्यातून वजा करा. सेटअप सेव्ह करताना नावात ट्रॅकचं तापमान लिहा.

स्प्रिंग, बार, विंग यानंतर, एका वेळी एकच.

७. उन्हाळ्यात पेडलची काळजी

कुलरची दमट, धुळीची हवा थेट पेडलवर येत असेल तर पोटेन्शिओमीटरवर धूळ चिकटते. ब्रेक दाबलेला नसताना आकडा ३-४ टक्क्यांवर थरथरतो, किंवा ६० वरून ४५ वर उडी मारतो. कुलरचं तोंड दुसरीकडे फिरवा. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मागा. घरातला गंजनाशक तेलकट स्प्रे चालत नाही, त्याच्यावर धूळ आणखी बसते. केबल काढून दोन फवारे मारा, पेडल ४०-५० वेळा दाबा, अर्धा तास वाळू द्या आणि पुन्हा तिसऱ्या पायरीपासून कॅलिब्रेट करा.